दिल्लीची मुलाखत आणि संगीताचा डावा हात

जपानमध्ये वृद्धांची शुश्रूषा करायला भारतातून मुली घेत आहेत, हे कळल्यावर मी आणि संगीता उईकेनं दिल्लीला जायचं ठरवलं. साल २०१८ संपत आलं होतं. दोघी गोंदिया जिल्ह्यातल्या, नर्सिंगच्या मैत्रिणी. मी कामठ्याची, ती सालेकशाकडची. नागपूरच्या क्लासमध्ये वर्षभर जपानी शिकलो. माझी गाडी क्रियापदांवर अडायची, मग संगीताच मला शिकवायची.

जाणाऱ्यांसाठी सांगते, गोंदियाहून गोंडवाना एक्सप्रेस थेट दिल्लीला जाते. स्लीपर परवडतो, पण डिसेंबरात जाड पांघरूण हवंच. संगीताच्या आईनं लाखोरीच्या डाळीचे वडे दिले होते. नागपूर सुटलं तसे आम्ही ते खाल्ले आणि शेजारच्या काकूंना जपानीत धन्यवाद म्हणून दाखवलं. त्या म्हणाल्या, "इतनी दूर जाओगी, घरवाले मान गए?" संगीता म्हणाली, आईनंच पाठवलंय.

दिल्लीत ओळखीच्या बुद्धविहारात उतरलो. दुसऱ्या दिवशी मेट्रोनं पश्चिम दिल्लीतल्या मुलाखतीच्या जागी गेलो. रस्ता सोपा आहे, धुक्यामुळे वेळ मात्र हातात ठेवा.

मुलाखतीत माणसाएवढ्या बाहुलीला, ती म्हातारी रुग्ण आहे असं समजून, पलंगावरून उचलून व्हीलचेअरवर बसवायचं होतं. संगीतानं आधी जपानीत तिची परवानगी मागितली. मुलाखत घेणाऱ्या जपानी बाई खूश झाल्या. मग हात धुवायला संगीतानं बाह्या वर केल्या आणि डाव्या हातावरचं गोंदण दिसलं, मनगटापासून कोपरापर्यंत हिरव्या ठिपक्यांच्या रांगा.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. सोबतच्या भारतीय माणसानं विचारलं, "ये मिट सकता है क्या?"

आमच्या गोंड समाजात लहानपणीच गोंदतात, असं संगीतानं सांगितलं. बाईंनी समजावलं, तिकडे अंगावर गोंदलेला माणूस म्हणजे गुंड, म्हातारी माणसं घाबरतात. पूर्ण बाह्यांचे कपडे घातले तर चालेल का, असं मी मोडक्या जपानीत विचारलं. आंघोळ घालताना बाह्या वर कराव्याच लागतात, असं उत्तर आलं. मग बाई माफी मागत कमरेतून वाकल्या. संगीताही वाकली, क्लासमध्ये शिकवलं होतं तशी.

माझी निवड झाली.

परतीच्या गाडीत मी म्हटलं, नागपुरात लेझरनं काढतात म्हणे. तिनं डावी बाही मनगटापर्यंत ओढून घेतली.

"सात वर्साची होती मी. आईनं मांडीवर धरून गोंदवून घेतलं. माझ्यापेक्षा तीच जास्त रडली. आता तिले काय सांगू?"

फॉर्म भरण्याआधी गोंदणाचं विचारून घ्या. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

गोंदियाहून मी तिच्यासोबत तिच्या गावी गेले. तिच्या आईनं चहा ठेवला. कप पुढे करताना तिचे दोन्ही हात दिसले, कोपरापर्यंत हिरवे.

"तुले काऊन नाही घेतलं?"

"भाषा जमली नाही, माय."

आईनं माझ्याकडे बोट दाखवलं. "मंग अजून शिक. या पोरीपासून शिक."

संगीता हो म्हणाली.

पुढच्या महिन्यात मी निघते आहे. बॅग भरून झाली आहे. माझी जपानी अजूनही संगीतापेक्षा कच्ची आहे, आणि हे मी तिच्या आईला सांगितलेलं नाही.