बाटली देव्हाऱ्याशेजारी, तेल खाटेखाली

मैत्रिणींनो, आज माझा लई जळफळाट झालाय, म्हणून लिहितेय.

माझी धाकटी जाऊ पुण्याला असते. काल आमच्याकडं शिनोलीला आली ती सासूबाईंसाठी बॉडी वॉश घेऊनच. हिरवी बाटली, तुळस आणि वाळ्याचा वास. आज पहाटे ती परत गेली, बाटली राहिली.

सासूबाई आंघोळ करून आल्या आणि हात थेट माझ्या नाकाशी धरला. "वास घे गं. कातडी बघ, लोण्यावानी झालीय."

वास घ्यावा लागला. चांगला होता, तेच तर जास्त लागलं.

बाटलीवर तुळशीचं पान छापलंय. तुळस न्हाणीत कशी ठेवायची, म्हणून सासूबाईंनी ती बाटली देव्हाऱ्याशेजारी ठेवली. मी रोज त्यांचे पाय चोळते ते खोबरेल तेल मात्र खाटेखाली असतं. त्याचा वास आजवर कुणी घेतला नाही.

शेजारच्या काकू आल्या, त्यांनाही हात हुंगायला दिला. "धाकटीनं आणलंय," हे मी दिवसभर ऐकलं.

संध्याकाळी सासूबाईंनी नेहमीसारखे पाय माझ्या मांडीवर ठेवले. मी तेल चोळायला घेतलं, तेवढ्यात त्यांनी जावेला फोन लावला.

"कवाच्या भेगा व्हत्या टाचेला. तुझ्या बाटलीनं एका आंघोळीत गेल्या बघ."

तेव्हा त्याच टाचेवर माझा अंगठा फिरत होता.

हात तेलानं माखलेले माझे, आणि कौतुक फोनवरून पुण्याला चाललेलं. तुमच्याकडं कुणाकुणाच्या घरी असं होतं?