वाऱ्याने थापलेला बर्फ

वारं सुटलं की ती सकाळ अजून माझी पाठ सोडत नाही. कोलोरॅडोतल्या एका डोंगराळ काउंटीत मी शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाच्या, हाताखाली डेप्युटी होतो. दोन दिवस कोसळून बर्फ थांबला होता, वारा मात्र थांबेना. असा वारा बर्फ उचलून डोंगराच्या आडोशाच्या अंगाला नेऊन थापतो. वरून तो घट्ट दिसतो. माणसाचं वजन पडलं की अख्खा उतार सुटतो.

नऊ वाजता रस्त्यावरचा बर्फ काढणाऱ्या ड्रायव्हरचा फोन आला. घाटात एक गाडी बर्फात बुडालेली, टपावरच्या रॅकवर स्की नाहीत, म्हणजे माणसं स्की घालून डोंगरात गेलेली. तिथून दोन दऱ्या फुटतात. शोधपथकाचा प्रमुख म्हणाला, "दरी कोणती ते सांग. नुसत्या अंदाजाने माझी माणसं आत घालणार नाही." त्याचं बरोबर होतं.

गाडीच्या नंबरवरून पत्ता काढून दहाला दार वाजवलं. नागपूरहून लेकीकडे आलेल्या एक बाई घरी एकट्याच होत्या. मराठीत बोललो की त्यांना हायसं वाटेल अशी माझी समजूत. त्या उलट पांढऱ्याफटक पडल्या.

"लेक-जावई हॉटेलात गेले. गाडी मित्राला दिली."

"कोणतं हॉटेल, मावशी?"

"नाव नाही माहीत मला."

पाऊण तास हेच चाललं. मी सारखं घड्याळ बघत होतो. आवाज चढवण्यात अर्थ नव्हता. घाबरलेल्या माणसाला दरडावलं की तो आणखी मिटतो. मग मी विषय बदलला. कुठे गेले याबद्दल लोक खोटं बोलतात, डब्याबद्दल सहसा नाही.

"सोबत काय दिलंत?"

"दशम्या अन् शेंगदाण्याची चटणी. तीन दिवस टिकते."

"हॉटेलात दशम्या?"

त्या मटकन खाली बसल्या. "तिकडे जाऊ नका असा सरकारी मेसेज आला होता फोनवर, तरी गेले. कालच यायचे होते. साहेब, त्यांचा व्हिसा तर नाही ना रद्द करणार?"

"मावशी, व्हिसाशी माझा काही संबंध नाही. डोंगरात जाणं गुन्हाही नाही."

मग त्यांनी सांगितलं. डावी दरी, तिच्या टोकाची लाकडी केबिन.

पथक घाटात तयारच होतं; तिथून केबिनपर्यंत तासाची वाट होती. पावणेबाराला ते पोचलं. लेक केबिनमध्ये जिवंत होती. तिच्या जबाबाप्रमाणे, सासूबाई काळजीत असतील म्हणून सव्वाअकराला तिचा नवरा फोनची रेंज शोधायला बाहेर पडला आणि वरचा उतार सुटला. त्याला बाहेर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं.

पुढच्या सगळ्या नोकरीत आपल्या माणसांच्या दारात गेलो की नाव विचारायच्या आधी सांगायचो, व्हिसा बघायला आलेलो नाही. हे त्या दिवशी पहिल्याच मिनिटाला सुचायला हवं होतं. ती भीती मी माझ्या आईवडिलांच्या चेहऱ्यावर लहानपणापासून बघितली होती, आणि तरी ओळखली नाही. याचा मला आजही राग येतो.

अंत्यविधीनंतर बाई माझ्याजवळ आल्या. "मी दारातच खरं सांगितलं असतं, तर वाचले असते का जावई?"

रिपोर्टमधल्या सगळ्या वेळा मीच लिहिल्या होत्या.

"नाही, मावशी," मी म्हणालो. "काही फरक पडला नसता."