सुमनमावशीचा होस्टा

भाद्रपदातल्या एका सकाळी परतूरहून माझ्या मावसभावाचा, अनिलचा, फोन आला. "आई गेली रे... चहा ठिवला आन् बसल्या जागी गेली." सुमनमावशीचा विचार केला की मला तिचा एक प्रश्न आठवतो. कुठलंही नवं रोप दिसलं, की ती नाव नंतर विचारायची, आधी, "ह्याला काय लागतं?"

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काकांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, अर्धांगवायू झाला. दिवसभर मोंढ्यातल्या, धान्यबाजाराच्या गर्दीत वावरलेला हा अडत्या मागच्या खोलीत पडून राहिला, कारण न्हाणी तिथून जवळ. वाचाही गेली. खोलीला एकच खिडकी, आणि बाहेर शेजारच्या घराची उंच भिंत. मधल्या बोळीत ऊन कधी उतरतच नसे. काका त्या भिंतीकडे बघत पडलेले मावशीला बघवेना. तिनं गुलाब लावला, शेवंती लावली; उन्हावाचून दोन्ही पिवळी पडून मेली. "सावलीत जगणारं काहीच न्हाई का रे जगात?" तिनं मला विचारलं.

माझी नोकरी तेव्हा सिमल्याला होती. तिथल्या रोपवाटिकेतून मी होस्टा नावाच्या रोपाची मुळांची एक गाठ आणली. रुंद, निळसर हिरवी पानं, कडा पांढऱ्या. हिला सावलीच मानवते. पहिल्या पावसाळ्यात कुंडी भरून आली आणि काका मान वळवून बघायला लागले. हिवाळ्यात पानं वाळली. पुढच्या वर्षी मात्र आलं ते एकच, मरतुकडं पान.

मावशीनं फोन केला. "तिकडं थंडीत काय करतेत हिचं?"

"काहीच नाही. ती बर्फाखाली झोपते."

"मंग हिची झोपच न्हाई झाली. जागरणानं वाळून राह्यली पोरगी."

त्या हिवाळ्यात तिनं गाठ उकरली, ओलसर गोणपाटात गुंडाळली आणि फ्रीजमध्ये भाजीच्या खणात ठेवली. शेजारच्या कमलकाकू हसल्या, "मेथी बाहेर सडून राह्यली आन् मुळ्या फ्रीजमधी!"

"मेथी उद्या बाजारात भेटंल," मावशी म्हणाली. लाईट गेली की ती खणात बर्फाचे तुकडे टाकायची. होळीनंतर गाठ पुन्हा कुंडीत गेली. मग एका सकाळी ती काकांना पेज भरवत असताना त्यांनी चमचा दूर सारला, बोट खिडकीकडे केलं. "आ... आलं." मातीतून गुंडाळलेल्या विड्यासारखा कोंब वर आला होता. वाचा गेल्यानंतरचा त्यांचा तो पहिला शब्द. पुढे "पाणी" आला, "सुमन" आला. फार नाही आले, पण घराला पुरले.

काका आणखी काही वर्षं जगले. ते गेल्यावर मावशी आता हा खटाटोप सोडेल असं आम्हाला वाटलं, तर तिनं स्वतःचंच अंथरूण त्या खोलीत हलवलं. दर हिवाळ्यात गाठी फ्रीजमध्ये. एकीच्या चार कुंड्या झाल्या.

तेराव्यानंतर दुपारी मी तिच्या खाटेवर आडवा झालो. बोळीतल्या कुंड्या विटा रचून एवढ्या उंच, वेड्यावाकड्या का ठेवल्यात, हे इतकी वर्षं उभ्यानं बघताना मला कधी उमगलं नव्हतं. उशीला डोकं टेकलं... आणि भिंत दिसेनाशी झाली. नुसती पानं.