तोंड येऊ नये म्हणून

अक्का गेल्याचा निरोप मला कारखान्याच्या गेटवर मिळाला. पाळी सुटली होती. शेजारचा माणूस सायकल धरून उभा होता, तेव्हाच कळलं... त्याला आता दीड महिना होईल. लोक भेटायला येतात, कॅन्सरपुढे कोणाचं चालतं का, म्हणतात. मी मान हलवतो. पण अक्काला नुसत्या कॅन्सरने नेलं नाही हे मला ठाऊक आहे, आणि ते लिहून टाकल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

अक्का माझी थोरली बहीण. आमचं गाव भंडाऱ्याकडचं. मायबाप लहानपणीच गेले, तिचा नवराही फार टिकला नाही. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहतोय असं कानावर आलं, तेव्हा ती मला घेऊन इथे आली आणि भट्टीच्या पायाच्या कामावर काँक्रीटची घमेली वाहू लागली. माझं मॅट्रिक त्या घमेल्यांवर झालं. मी टाइम ऑफिसात लागलो तरी तिने काम सोडलं नाही. बोलायला फटकळ, पण शब्दाची पक्की. दीक्षा घेतल्यापासून रोज सकाळी पंचशील म्हणायची, आणि नुसतं म्हणायची नाही, पाळायची. मजुरांच्या कॅम्पातली भांडणं तिच्याकडे यायची, कारण अक्का खोटं बोलणार नाही हे भांडणाऱ्या दोघांनाही मान्य असायचं.

कामावर तिच्या जोडीला दुर्गकडच्या दुकलहीनबाई होत्या. त्यांनी तिला गुडाखू लावायला शिकवलं. गूळ आणि तंबाखू कुटून केलेला हा काळा लगदा इकडे घरोघर डबीत असतो. बोटावर घ्यायचा आणि दातांना, हिरड्यांना घासायचा. त्याला कोणी व्यसन म्हणत नाही, मंजन म्हणतात. अक्का सकाळी घासायची, जेवणाच्या सुटीत घासायची, काम सुटल्यावर घासायची. "याच्यानं दात दुखतच नाई," म्हणायची. तू शंभरीतही दातांनी ऊस सोलशील, म्हणून मी तिला चिडवायचो.

गेल्या हिवाळ्यात तिच्या गालाच्या आत जखम झाली, ती भरेना. नागपूरच्या इस्पितळात तुकडा काढून तपासला. डॉक्टर म्हणाले, गाठ लहान आहे, सहा आठवडे विजेचे शेक देऊ, सगळे घेतले तर आशा आहे. मग त्यांनी जे सांगितलं ते मला अजून पाठ आहे. शेकांनी तोंड येतं. फार आलं तर खाणं बंद पडतं, शेक थांबवावे लागतात, आणि मध्येच थांबलेल्या शेकांचा भरवसा नाही. म्हणून दर दोन तासांनी मीठ-सोड्याच्या कोमट पाण्याने गुळण्या करायच्या. तिखट नाही, गरम नाही. तोंड स्वच्छ ठेवायचं.

"तंबाखू खाता? बिडी ओढता?" त्यांनी विचारलं.

"नाई बा," अक्का म्हणाली. "कदीच नाई."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मीही नाही म्हणालो. गुडाखूत काय असतं असं त्यांनी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं. पण मंजनाचं कोणी विचारत नाही, आणि आमच्या मनातही आलं नाही...

पहिले दोन आठवडे बरे गेले. गुळण्या ती घड्याळाकडे बघून करायची. मग तोंडात आग व्हायला लागली. "नुसत्या पान्यानं तोंड साफ होत नाई, भाऊ," ती म्हणाली. "डाक्टर साफ ठेव म्हनते ना? मले माहं मंजन आनून दे." मी भिलाईला जाऊन दोन डब्या आणल्या. दुसऱ्या कोणी नाही, मीच आणल्या. आग जितकी वाढली तितकी ती जास्त घासू लागली. तोंड साफ राहत नाही म्हणूनच ते येतंय, असं तिला वाटायचं. मलाही तसंच वाटायचं. गालाची आतली कातडी सोलून निघाली, पेज उतरेना, पाण्याचा घोट घेताना ती माझं मनगट घट्ट धरायची. मला तिच्याकडे बघायची भीती वाटायला लागली होती.

एका सकाळी नर्सने तिला नळावर गुडाखू घासताना पाहिलं. डॉक्टर आले ते तापलेलेच. "मी विचारलं होतं ना? खोटं कशाला बोललात?" शेक थांबवले. तोंड बरं व्हायला महिना लागला, आणि तोवर गाठ मानेत उतरली होती.

घरी आणल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडायची. बोलणं कळेनासं झालं होतं, पण एक वाक्य मी ओळखायचो. "त्यायनं मले खोटी कावून म्हटलं?" मरण तिने पचवलं होतं, हे नाही. डब्या मी आणल्या, चूक माझी, असं मी कितीदा म्हणालो. ती मान हलवायची आणि पुन्हा तेच विचारायची...

परवा मी नागपूरला गेलो. माझी बहीण खोटं बोलली नव्हती, एवढंच सांगायला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. बाहेर पेशंट ताटकळत होते, म्हणून मला बसायला सांगून त्यांनी पुढच्या बाईला आत घेतलं. राजनांदगावकडची, साठीची, पदर गालाशी धरलेली.

"तंबाखू खाता?"

"नाई साहेब."

डॉक्टर लिहिता लिहिता थांबले.

"दात कशाने घासता, बाई?"

"गुडाखूनं," तिने कौतुकाने सांगितलं. "दिवसातून चार येळा. तोंड एकदम साफ ठेवते मी." आणि कमरेची डबी काढून तिने टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उचलून ड्रॉवरमध्ये टाकली. बाई बंद ड्रॉवरकडे बघत राहिली, अक्कासारखीच, आपलं काय चुकलं ते न कळून.