चार विटांवरची टर्बो

आशा सोडून दिलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. पण आशेनंच ज्यांना सोडून दिलं आणि तरी ज्यांना त्याचा पत्ता लागला नाही, असे गृहस्थ आयुष्यात एकच पाहिले. आपल्या खालच्या मजल्यावरचे, तुम्ही दोघं ज्यांना गाडीवाले आजोबा म्हणता, ते. परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, ‘त्यांची गाडी सुरू झाली का?’ आणि मी तुमच्या परीक्षेचा विषय काढला. ते बरोबर झालं नाही. म्हणून आता सगळं नीट, पहिल्यापासून लिहिते.

गाडीवाले आजोबा जन्मभर मांजरी गावाजवळच्या एका प्रयोगशाळेत उसाच्या रसातली साखर तपासत बसले, आणि तिथं रोज स्कूटरवरून, चाळीसच्या वर कधीही न जाता, गेले. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात. हे हिंजवडीला गेले आणि परदेशी निघालेल्या एका इंजिनियरची जुनी जपानी टर्बो गाडी घेऊन आले. काळीभोर, बुटकी, रागावलेल्या बोक्यासारखी जमिनीला धरून बसलेली. टर्बो म्हणजे काय, असं मी विचारलं तर म्हणाले, “वहिनी, चुलीत फुंकणीनं फुंकलं की जाळ कसा भडकतो? तीच फुंकणी. फक्त ही इंजिनाच्याच धुरावर फिरते.” ती फुंकणी तिसऱ्याच फेरीत कात्रजच्या चढावर कामातून गेली. मार्केट यार्डाकडे निघालेल्या कांद्याच्या टेम्पोमागे दोर बांधून गाडी घरी आली, पार्किंगमध्ये चार विटांवर चढली आणि सात वर्षं उतरली नाही.

उतरणार कशी? त्यांना ती नुसती दुरुस्त करायची नव्हती, पूर्वीपेक्षा जोरदार करायची होती. मोठी टर्बो मागवली. मग मोठ्या टर्बोला जुने पाइप पुरेनात, पाइप बदलले तर रेडिएटर पुरेना, आणि रेडिएटर मोठा आणला तर बॉनेट लागेना. “आधी सुरू तर करा!” असं त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, म्हणायचं आणि “जुन्याच ताकदीवर सुरू करून काय उपयोग?” असं यांनी विचारायचं, हा संवाद मी जिन्यातून इतक्यांदा ऐकला की दोघांपैकी एक गावाला गेलं असतं तर त्याची वाक्यं मी म्हटली असती. बेअरिंग गार केलं की आक्रसतं आणि जागेवर सहज बसतं, म्हणून त्यांच्या फ्रीझरमध्ये कायम बेअरिंगं असत. पाहुणे आले की काकू शांतपणे विचारायच्या, “आइस्क्रीम देऊ की बेअरिंग? दोन्ही घट्ट झालंय.” गुलटेकडीचे एक मिस्त्री दर महिन्याला येऊन सांगायचे, “काका, इंजिन माझ्याकडं टाका, पंधरा दिवसांत देतो.” यांचं उत्तर ठरलेलं. “मग ते तुमचं इंजिन होईल.”

मला मात्र त्यांच्या एकाच गोष्टीचा त्रास व्हायचा. उघडलेल्या इंजिनाचे बोल्ट, चकत्या, नळ्या ते पार्किंगच्या फरशीवर वर्तमानपत्रांवर मांडून ठेवत. आधी निघालं ते डावीकडे, शेवटी निघालं ते उजवीकडे. मोठ्याशेजारी बारीक, बारक्याशेजारी तेलकट. “निदान चिठ्ठ्या तरी लावा,” मी म्हणाले होते. “क्रम हीच चिठ्ठी,” ते म्हणाले. माझ्या कपाटातल्या टॉवेलांच्या घड्या तुम्हाला माहीत आहेत. तो पसारा पाहून मला काय होत असेल, ते तुम्हीच ठरवा.

मग आपली सोसायटी पुनर्विकासाला गेली. तीन महिन्यांत सगळ्यांनी घरं रिकामी करून भाड्याच्या जागेत जायचं ठरलं. त्यांच्या नव्या जागेत बंद गाडी ठेवायची परवानगी नव्हती. काकूंनी निर्वाणीचं सांगितलं, “चालू झाली तर सोबत येईल. नाहीतर भंगारात.” आजोबा ताबडतोब कबूल झाले. “ही फाटकातून स्वतःच्या इंजिनावर बाहेर पडेल.” आणि नेमकं त्याच आठवड्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. डॉक्टरांनी धूळ वर्ज्य केली, म्हणून आठ दिवस ते मुलीकडे राहायला गेले.

मला वाटलं, आपण काहीतरी मदत करावी. मी रोज सकाळी खाली जाऊन बसले. एकेक बोल्ट रॉकेलनं पुसला, आकारानुसार वेगळा केला, लोणच्याच्या अकरा बरण्यांत भरला आणि बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या: बारीक, मध्यम, मोठे, चकत्या. वर्तमानपत्रं रद्दीत दिली. फरशी पुसून घेतली. इतकं समाधान मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

ते काळा चष्मा लावून परत आले, तेव्हा मी जिन्यातच उभी होते. “कसं वाटतंय?”

त्यांनी एक बरणी उचलून चष्म्याजवळ धरली. “अक्षर फार सुरेख आहे तुमचं.”

काकूंच्या लक्षात आलं. “अहो, क्रम गेला का सगळा?”

“जाईल कुठं? बरण्यांतच आहे. जरा ढवळला गेलाय, एवढंच.”

पुढचे दोन महिने मी त्यांच्याशेजारी स्टुलावर बसून गाडीची इंग्रजी पुस्तिका मोठ्यानं वाचत होते आणि ते बोल्ट मोजून पाहत होते. काही बोल्ट दिसायला अगदी जुळे, लांबीत मात्र चार मिलिमीटरचा फरक. शेवटच्या आठवड्यात इंजिन जवळजवळ जुळलं. मिस्त्रीही आले होते. एक बोल्ट आवळताना ‘टक्’ असा आवाज झाला. मिस्त्रींनी बॅटरीच्या उजेडात बोट फिरवलं. “ब्लॉकला तडा गेला, काका. आखूड भोकात लांब बोल्ट...”

तो बोल्ट ‘मध्यम’ लिहिलेल्या बरणीतून मीच काढून दिला होता.

“छे, छे,” आजोबा घाईनं म्हणाले, “लोखंडच जुनं होतं.” मिस्त्रींनी तोंड उघडलं, आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं, मिस्त्रींनी ते मिटलं. नवा ब्लॉक शोधायला वेळ उरला नव्हता. त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला असता, तर मला किती बरं वाटलं असतं!

घर सोडायच्या दिवशी मिस्त्रींनी गाडी विटांवरून उतरवली आणि आपल्या जीपला दोर बांधून टोचन केली. भंगाराचं आवार लांब होतं. ओढलेल्या गाडीतही स्टिअरिंगवर कोणीतरी लागतंच, ते अर्थातच हेच बसले. काकू सामानाच्या टेम्पोबरोबर पुढे गेल्या होत्या. मी म्हणाले, “मी येते.” शेजारची सीट इतकी खाली होती की बसले म्हणण्यापेक्षा पडले म्हणणं बरोबर.

रस्त्यावर माणसं थांबून बघत होती. इंजिनाचा आवाज नव्हता, फक्त टायरांचा. आजोबा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून ताठ बसले होते, आणि जीपनं गिअर बदलला की यांचा हातही गिअरवर जात होता. वेग पंधरा असेल, फार तर वीस. एक सायकलवाला आमच्या पुढं निघून गेला.

मी पदर खांद्याशी घट्ट धरला. म्हणाले, “जरा सावकाश चालवा हो. वारा फार लागतोय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “सवय होईल, वहिनी,” ते म्हणाले, आणि त्यांनी मान किंचित वर केली.