साडूच्या हातची माती

माझ्या साडूइतका मरणाऱ्यांचा लाडका माणूस बुलढाणा जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. दुसरबीडच्या आसपास कोणी फार आजारी पडलं की फोन आधी डॉक्टरला जातो, आणि डॉक्टरनं मान हलवली की साडूला. निरोप आला की हा माणूस आधी पोटभर जेवतो. "रिकाम्या पोटी मातीले जाऊ नाई भाऊ, रडू येत नाई, भोवळच येते," असं त्याचं म्हणणं. मग वखारीत जाऊन टरबूज वाजवून पाहावं तसं एकेक लाकूड वाजवतो, ओलं निघालं तर वखारवाल्याची मेलेल्याच्या वतीनं खरडपट्टी काढतो, भटजींना "ऊन पाहून मंत्र म्हना महाराज" असं बजावतो, आणि घरच्यांकडे रडण्याखेरीज काही काम शिल्लक ठेवत नाही. ही सवय इतकी हाडात मुरलेली, की एका लग्नाच्या पंगतीत समोरच्या धिप्पाड व्याह्याकडे बराच वेळ बघून तो माझ्या कानाशी आला आणि म्हणाला, "हे चार मानसायचं काम नाई." तो व्याही बिचारा वरण मागत होता.

मला त्याचा राग यायचा. खरं लिहायचं तर राग नव्हे, मत्सर. मी थोरला जावई, खामगावला जिनिंगमध्ये नोकरीला, कडक इस्त्रीचा. सासऱ्यांना मुलगा नव्हता, म्हणून धाकटीचा हा नवरा घरजावई झाला. सासुरवाडीला गेलो की मला खुर्ची मिळायची आणि गप्पा सगळ्या त्याच्या खाटेभोवती रंगायच्या. माझी बायकोही तिथेच. घरी माझ्याशी बेताचंच बोलणारी ही बाई त्याच्या मयतीच्या गोष्टी ऐकताना तोंडाला पदर लावून हसायची. मी खुर्चीतून विचारायचो, "काय झालं?" ती म्हणायची, "काई नाई."

ती गेली, तरी माझा मत्सर गेला नाही. आमच्याकडे बाईला शेवटची साडी माहेरची लागते, आणि तिचं माहेर म्हणजे आता साडूच. तो पोचायच्या आत मी बाजारातून भारी रेशमी साडी आणून ठेवली. त्यानं पिशवीतून काढली ती साधी हिरवी, सुती. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "परवडत नव्हतं तं मले सांगाचं." तो म्हणाला, "बरं भाऊ, तुमची नेसवू." पण पुढे लाकडं, गाडी, तेरवीचा आचारी, जिथं जिथं मी खिशात हात घातला तिथं तिथं एकच उत्तर आलं, "साडभाऊनं देले ना." तेरवीच्या पंगती उठल्यावर लोक त्याचे हात हातात घेत होते. बायको माझी गेली होती, आणि मी उभा राहून त्याचा हेवा करत होतो. नंतर कित्येक वर्षं मी खामगावात सांगत फिरलो, की साडूनं मोठेपणासाठी पैसा उधळला आणि साडीत तेवढी कंजुषी केली. सांगताना माझे डोळे भरून यायचे, त्यामुळे लोकांना ते पटायचं.

यंदा दुसरबीडला गेलो असताना मी पुन्हा साडीचा टोमणा मारला. मेहुणी तूर पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"भाऊजी, थे साडी ताईनं सोता पसंत केलती. पैसेबी तिचेच होते, ब्लाऊज शिवून साठवलेले. आमच्या मालकापाशी देऊन ठेवले होते. म्हने, माह्या घरच्या मानसाच्यानं त्या दिवशी काई होनार नाई, उगाच धावपळ होईन त्यायची. मालकानं बायायले सांगतलं, तं बायायनं थे साडी तुमच्या साडीखालून नेसवली."

मी गोठ्यात गेलो. साडू बैलाला पाणी पाजत होता.

"तवाच काऊन नाई बोलले?"

"तुमी रडून राह्यले होते. रडत्या मानसासंग काय भांडाचं?" बादली उपडी ठेवून तो माझ्याजवळ येऊन बसला. "बरं, तुमचं कसं करू?"

"माह्यं काय?"

"वेळ आली तं. फकत सोयाबीन काढनीत नका जाऊ भाऊ, खांद्याले मानूस भेटत नाई."

एवढं बोलून तो माझ्याकडे तोंड करून बसला. तंबाखू काढली नाही, बैलाकडे पाहिलं नाही. माझ्या उत्तरासाठी कोणी असं थांबलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. हळूहळू मीच बोलायला लागलो. बायकोनं विणलेला निळा स्वेटर मला घाला म्हणालो.

"मे महिना असला तरी?"

"हाव."

"बरं," तो म्हणाला. हसला नाही.

आजारपणात तिनंही एकदा माझ्याजवळ हा विषय काढला होता. "ऐकून तं घ्या," म्हणाली होती. मी टीव्हीवरच्या बातम्यांचा आवाज वाढवला.