कुणाचा हात लागला

२०१९ साल. मी अडुसष्ट वर्षांचा. पवार फोरमननं घरी बोलावलं म्हणून गेलो, तर दारातच म्हणाले, "हात दाखव, कडुबा."

मी दाखवले. दोघांनाही निवृत्त होऊन वर्षं लोटली होती, तरी दाखवले. वाळूजच्या कारखान्यातली ही त्यांची रीत. मशीन बंद पडली की ते मशीनकडं बघतच नसत. सगळ्या शिफ्टला रांगेत उभं करून हात पुढं करायला लावत. "मशीन आपोआप बिघडत नसते. कुणाचा हात लागला ते बोला." ज्याचे हात जास्त काळे, त्याचा दिवस कापला. स्वतः ताठ, पांढरा शर्ट. त्या शर्टावर तेलाचा डाग मी कधी पाहिला नाही. मला 'चौथी' म्हणायचे. माझी शाळा तिथंच सुटली, हे त्यांनी सगळ्या कँटीनला सांगून ठेवलं होतं. मशीनच्या मोटारीचं काम मात्र माझ्याशिवाय कुणाला देत नसत.

आता मागच्या साली ते वारले. मी खांदा द्यायला गेलो नाही. बायको म्हणाली, लोक काय म्हणतील. म्हणू देत.

तर त्या दिवशीचं सांगतो. त्यांच्या मुलानं जर्मनीहून खेळण्यातली रेल्वे पाठवली होती. तिला खेळणं म्हणायची सोय नव्हती. सिडकोतल्या घराची पुढची खोली रुळांनी भरलेली, आल्यागेल्यानं भिंतीला पाठ लावून चालायचं. इंजिन वीतभर. दोन हात धावायचं, आचके द्यायचं, थांबायचं. बोटानं ढकललं की पुन्हा दोन हात.

"सांभाळून उघड," फोरमन म्हणाले. "याचे सुटे भाग आता जर्मनीतसुद्धा मिळत नाहीत. हिचे उद्योग आहेत सगळे. झाडताना फडकं मारते."

वहिनी आतल्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ओले हात पदराला पुसले आणि दोन्ही तळवे नवऱ्यापुढं धरले. साठी उलटलेली बाई. मला बघवेना. मी खाली बसून रूळ पुसायला घेतले.

रुळातून करंट चाकात जातो, चाकातून मोटारीत. फडकं पिवळं निघालं. चाकं पुसली, तीही पिवळी. मग इंजिनाचं पोट उघडलं. दातेरी चाकांत तेल आणि कुंकवाचा लाल चिखल वाळून बसलेला.

"साहेब, याची पूजा कोण करतं?"

"मीच. दर शुक्रवारी. कारखान्यातही चुकवली नाही कधी. दुसऱ्या कुणाला शिवू देत नाही मी."

"मग हात दाखवा."

असं त्यांना जन्मात कुणी म्हटलं नसेल. नेमका शुक्रवार होता. अंगठ्याला कुंकू, शेजारच्या बोटाला हळद. ते लई वेळ बोटांकडं बघत राहिले. मला वाटलं, आता तरी हा माणूस ओशाळेल.

त्यांनी मान वर केली, ती वहिनींकडं. "कुंकवाचं ताट कुणी मांडून दिलं?"

"मी," त्या म्हणाल्या. तळवे पुन्हा पुढं.

"बघ, चौथी. म्हणत होतो ना मी."

मी सगळं घासून लख्ख केलं. मसुराएवढं एक दातेरी चाक शर्टाच्या खिशात टाकलं आणि त्याच्याशिवायच इंजिनाचं पोट बंद केलं. म्हटलं, "ग्रीस मुरू द्या. सकाळी चालवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या फाटकाशी जाऊन उभा राहिलो. आत त्यांचा आवाज चढलेला होता. "हात दाखव. दाखव आधी." मी हाक मारली तसे ते इंजिन घेऊनच बाहेर आले, मागं वहिनी. मी तळहात पुढं केला. वर ते चाक.

"माझा हात लागला, साहेब. नीट बघून घ्या."

त्यांनी बघितलं. वहिनींनीही बघितलं. मग मी हात समोरच्या वाहत्या गटारीवर नेला आणि उलटा केला.